दोन चाली, मग झोप

किस्से कसे साठतात ते मला रोज सकाळी झाडू मारताना समजतं. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते, ओला वेगळा, सुका वेगळा, सगळं घेऊन जाते आणि गल्ली चकाचक होते. पण आमच्या ओटल्यावर आदल्या संध्याकाळी जे बोललं गेलं, ते कुठलीच गाडी नेत नाही. ते तिथेच पडून राहतं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवीन पडतं आणि बघता बघता असा ढीग होतो, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून सांगते.

आमचं घर छत्रीबागेत. दाराला लागून दगडी ओटला आणि त्यावर रोज संध्याकाळी बुद्धिबळ. माझे सासरे, म्हणजे आप्पा, रेल्वेतून रिटायर झाले तेव्हापासून हा पट इथे मांडलेला आहे. त्यांच्यासमोर बसतात बापू. शेजारचेच, शाळेत गणित शिकवायचे. तिसरे राजू भिया, आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात. त्यांचं सेव-नमकीनचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की पळत जायचं, पुडी बांधायची आणि परत येऊन विचारायचं, "क्या हुआ, कौन मरा?"

मी असते खिडकीत. खेळ बघायला नाही, आमची तन्वी ओटल्याच्या काठाशी खेळते, ती पडेल म्हणून. ती अजून एकदाही पडलेली नाही, पण मी खिडकी सोडत नाही. असं खिडकीत उभं राहून राहूनच मला घोड्याची अडीच घरं समजली.

या ओटल्याची एक रीत आहे. कुणाच्या वजिरावर चालून जायचं असेल तर आधी सांगायचं, "वजीर संभाळा." न सांगता मारला तर तो मेला असं धरत नाहीत, परत पटावर ठेवतात. बापूंचं म्हणणं, हे बुद्धिबळ आहे, पाकीटमारी नाही.

आणि आप्पांचा सगळा खेळच वजिराचा. डाव सुरू झाला की वजीर बाहेर काढायचा आणि आमच्या राजवाडा चौकात ई-रिक्षा फिरते तसा पटभर फिरवायचा. बाकीच्या सोंगट्या आपल्या जागच्या जागी उभ्या, लग्नात कुणी ओळखीचं नसलेल्या पाहुण्यांसारख्या.

तर अशा या ओटल्यावर नवीन बुद्धिबळ आलं!

* * *

आणलं माझ्या दिराने, अनिकेत भाऊजींनी. भाऊजी विजय नगरला एका छोट्या कंपनीत मोबाइलचे गेम बनवतात. त्यांच्या नव्या गेममध्ये पट तोच, सोंगट्या त्याच, फक्त कायदा नवा. जी सोंगटी लागोपाठ दोनदा चालली ती थकते आणि झोपते. पुढच्या चालीला तिला हलवता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी कामाला लावावं लागतं. मग ती उठते. झोपलेली असताना ती शह देत नाही, कुणाची राखणही करत नाही. स्क्रीनवर तिची मान खाली जाते आणि घोरण्याचा आवाज येतो. तो आवाज भाऊजींनी दुपारी घरीच रेकॉर्ड केला. कुणाचा, ते आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

हा कायदा भाऊजींनी स्वतः शोधलेला. लहानपणी आप्पांच्या वजिराने त्यांना इतकं पळवलं, इतकं पळवलं, की त्यांच्या मनात एकच प्रश्न राहिला, हा मेला वजीर दमत कसा नाही? मोठं होऊन त्यांनी त्याचं उत्तर काढलं.

पण कंपनीच्या मॅडमना भरवसा नव्हता. गेम बाजारात सोडण्याआधी तो थोड्या लोकांना खेळून बघायला दिला होता आणि नवशिके खूश होते. मात्र जे रोज बुद्धिबळ खेळतात, पक्के, मुरलेले, ते अर्धा डाव टाकून निघून जात होते. मॅडमनी सांगितलं, आपल्याला तेच लोक पाहिजेत. ते शेवटपर्यंत बसत नसतील तर झोपेचा कायदा काढून टाकू.

त्या दिवशी भाऊजी जेवताना म्हणाले, "कायदा गेला तर मीपण जातो. पुण्याहून एक कंपनी बोलावतेच आहे."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हातातला घास परत ताटात ठेवला. माझी तव्यावरची पोळी करपली. कारण काय, तन्वीला श्वासाचा त्रास आहे. हिचे पप्पा पीथमपूरला फॅक्टरीत, शिफ्ट सुरू झाली की फोनसुद्धा लागत नाही. हिचा श्वास लागला की स्कूटर काढतात ते भाऊजीच. मी मागे बसते, मध्ये ही, आणि भाऊजी रस्ताभर हिला सांगत जातात की आता उजवीकडे घोडा वळणार, अडीच घरं, धरून बस. ही हसते. हसली की माझाही श्वास सुटतो. आता ते पुण्याला गेले तर?

त्या दिवसापासून घरात कुणाला गेम आवडो न आवडो, मला आवडायला लागला.

* * *

पहिला डाव आप्पांनी खेळावा अशी भाऊजींची फार इच्छा. त्यांच्याएवढं पक्कं आणि मुरलेलं दुसरं कोण? ओटल्यावर उशी ठेवली, उशीला टॅबलेट टेकवला, आप्पांनी चष्मा पुसला.

सुरुवातीलाच वजीर बाहेर. एक चाल, प्यादं खाल्लं. दुसरी चाल, घोडा खाल्ला. आणि वजिराने मान टाकली. घुर्रर्र.

आप्पांनी त्याच्यावर बोट ठेवलं. घुर्रर्र. जोरात दाबलं. घुर्रर्र. मग टॅबलेट उचलून त्यांनी त्याच्या पाठीत दोन थापा घातल्या, आपण बंद पडलेल्या रेडिओला घालायचो तशा. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी समजावलं, की आप्पा, बिघडलेला नाही, तो दोनदा चालून थकलाय. आप्पांनी चष्म्यावरून बघितलं.

"वजीर आहे का जावई? दोन घरं चालून थकायला?"

आणि टॅबलेट उशीवर पालथा घालून उठले. भाऊजींनी तो सरळ केला तेव्हा त्यावर आलं होतं, खेळाडू डाव सोडून गेला. आप्पांनी त्याच वेळी जाहीर करून टाकलं की या खेळण्याला मी परत हात लावणार नाही. नंतर गल्लीत जो भेटेल त्याला सांगत होते, पोटच्या मुलाने माझ्याविरुद्ध कायदा केलाय.

राजू भियांनी सेव-नमकीनचा डबा बंद करत म्हटलं, "आप्पाजी, लोगों की औलाद झगड़ा करती है. आपकी कानून बनाती है."

* * *

रोज जेवताना भाऊजी लोकांनी गेमबद्दल काय लिहिलं ते वाचून दाखवायचे. त्यावर आमचं जेवण लांबायला लागलं.

एकाने लिहिलं होतं, "मेरा घोड़ा सो गया, फिर मैं भी सो गया. दो स्टार."

दुसऱ्याला वाटलं फोन हँग झाला. त्याने तो दुरुस्तीला दिला. "अब दुकानवाला खेल रहा है, फोन वापस नहीं दे रहा. बीवी के फोन से लिख रहा हूँ. पाँच स्टार."

कुणी एका बाईने लिहिलं, की हा कायदा फार चांगला आहे, आमच्या घरी सुनांनाही लागू करा. भाऊजींनी हे वाचलं तेव्हा आईंनी हळूच माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं, तोवर मी गेम उघडलासुद्धा नव्हता.

आणि एकजण तर चिडलाच होता. बुद्धिबळ आपल्या पूर्वजांचं आहे, त्याला हात लावाल तर खबरदार, वगैरे. एक स्टार. हे भाऊजींनी अगदी हळू वाचलं. आप्पांनी तेवढ्यात आणखी भाजी मागून घेतली आणि म्हणाले, हा एक माणूस समजदार दिसतो.

* * *

बापूंना मात्र खेळ असा काही चढला! गणिताचे मास्तर ते. दोन चाली, एक आराम, दोन चाली, एक आराम, असं पुटपुटत ते सकाळी दूध आणायला जायचे. संध्याकाळी ओटल्यावर आता एका बाजूला लाकडी पट, दुसऱ्या बाजूला बापू आणि टॅबलेट. आप्पा त्यांच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. एवढंच, की पेपरचं पान उलटायचं नाही.

एकदा बापू कुठल्या तरी दूर शहरातल्या माणसाशी खेळत होते. राजू भिया दुकानातून ओरडत आले, आज दही महाग झालं, अमुक झालं, तमुक झालं. बापूंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. आम्हाला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आली.

बापू कुजबुजले, "हळू बोल. त्यांचा वजीर झोपलाय, तेवढ्यात राजाला बाहेर काढतो."

आणि खरंच, राजाला एकच घर, पण असं हळूच सरकवलं, जसं काही त्याच्या पायात पैंजण आहेत. राजू भियासुद्धा श्वास रोखून बघत होते. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाने हाक मारली तर राजू भियांनी त्यालाच खुणेने सांगितलं, चप्पल वाजवू नको.

* * *

राजू भियांचं वेगळंच. त्यांना खेळता खेळता बोलल्याशिवाय जमत नाही आणि गेममध्ये समोरच्याला लिहून पाठवायची सोय आहे. ती त्यांना सापडली, तिथून गडबड सुरू झाली.

त्यांच्या हत्तीसमोर समोरच्याचा वजीर सरळ येऊन उभा राहिला. मारला की डाव जिंकलाच. पण ओटल्याची रीत! राजू भियांनी आधी लिहिलं, "भिया, वजीर संभालो." समोरच्याने वजीर हलवला. मग त्याचा उंट उघडा पडला. राजू भियांनी परत लिहिलं, "ऊँट भी देख लेना." त्याने उंटही वाचवला. मग त्याचा घोडा एकदा चालून झाला होता, आणखी एकदा चालला की झोपणार, तर यांनी त्यालाच लिहून कळवलं, की घोड़े को मत चलाओ, सो जाएगा.

तिकडचा माणूस बिचारा गोंधळला. त्याने विचारलं, "भाईसाहब, आप हैं किसकी तरफ़ से?"

राजू भियांनी सेव खात खात उत्तर टाइप केलं, "भिया, हम तो ओटले की तरफ़ से हैं."

तो डाव ते हरले. पण त्या माणसाने पुढे लिहिलं होतं, कल फिर खेलेंगे. राजू भियांनी हे आल्या-गेल्याला दाखवलं. भाऊजींनी तेवढा भाग कंपनीत पाठवला, तर मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण हा माणूस कायद्यासाठी नाही, गप्पांसाठी बसला. मला त्यांचा रागच आला. माणूस बसला ना शेवटपर्यंत?

* * *

मग भाऊजींनी मलाही एकदा खेळायला बसवलं. मी म्हटलं, मी सातवी शिकलेली बाई, मला कुठे? ते म्हणाले, वहिनी, यात सातवीचं काही येत नाही, तुम्ही फक्त खेळा आणि काय वाटतं ते सांगा.

मी खेळले. भीत भीतच. आधी राजाच्या चारी बाजूंनी प्यादी लावली, हिवाळ्यात तन्वीला कानटोपी, मफलर, स्वेटर सगळं एकदम घालते तशी. पुढे कुणाला पाठवायला मी तयारच नाही. पाठवलं की लगेच परत बोलवायचं. त्यामुळे माझ्या सोंगट्या सारख्या झोपायच्या, एक जाणं, एक येणं, झाल्या दोन चाली.

तेवढ्यात समोरच्याचा घोडा माझ्या उंटाच्या अगदी पुढ्यात येऊन झोपला. मान खाली, घुर्रर्र घुर्रर्र. बापू मागे उभे होते, ते म्हणाले, सूनबाई, मारा. राजू भिया म्हणाले, भाभी, मौका है. मी उंट दुसऱ्याच बाजूने नेला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

भाऊजी इतके हसले, की ओटल्यावर बसावं लागलं. मग म्हणाले, वहिनी, सगळ्या आयांनी हा गेम घेतला तर जगात भांडणं बंद होतील, पण कंपनीही बंद होईल.

* * *

आता आईंचा किस्सा. हा त्यांच्यासमोर सांगितला तर त्या आत निघून जातात.

ओटल्यावर अड्डा भरला, की चहा आतून येतो. आप्पा मागे न बघता नुसता हात वर करतात, की आईंनी समजायचं. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. त्या संध्याकाळी पाऊस नव्हता, लाइटही होती, सगळं ठीक होतं. चहा एकदा झाला. मग बापूंचे मेहुणे आले म्हणून परत झाला. मग आप्पांचा हात तिसऱ्यांदा वर गेला.

आतून काही आलं नाही. आप्पांनी हात आणखी वर केला. मग हाक मारली. मी बघायला गेले, माझ्या मनात लगेच नको नको ते, चक्कर आली की काय, बी.पी. वाढलं की काय. बघते तर आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. घाबरून हात लावला तर एक डोळा उघडला.

"बाहेर सांग, दोनदा चालले. आता झोपले."

मी बाहेर येऊन तसंच सांगितलं. दुसरं काय सांगणार? राजू भियांनी आप्पांकडे बघितलं, बापूंनी आभाळाकडे बघितलं. कायदा तर कायदा. आप्पा उठले, आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग ते चार कप घेऊन बाहेर आले. चहात आलं नव्हतं, साखर होती की नव्हती यावर अजून वाद आहे.

बापूंनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आप्पा, तुम्ही आणखी एकदाच चाला. मग आम्हीच तुम्हाला झोपवतो."

* * *

मला मात्र एकदा रडवलंच या कायद्याने. सकाळी अकराच्या सुमारास तन्वीच्या शाळेतून फोन आला. टीचर म्हणाल्या, आप आ सकती हैं क्या, तन्वी सर नीचे करके बैठी है, उठ नहीं रही. पुढचं मी ऐकलंच नाही. भाऊजी ऑफिसला निघत होते, बूट एका पायात. त्यांनी तसंच स्कूटर काढली. मी मागे बसून एका हाताने तन्वीच्या श्वासाच्या पंपाची पिशवी चाचपत होते आणि तोंडाने देवाची जेवढी नावं येत होती तेवढी सगळी घेत होते.

वर्गात गेलो. तन्वीबाई बेंचवर डोकं ठेवून, डोळे गच्च मिटून. श्वास बघितला, ठीक. छातीला कान लावला, ठीक. कपाळ थंड. टीचर घाबरल्या होत्या, म्हणाल्या, अभी तक तो एकदम बढ़िया थी, दो सवालों के जवाब भी दिए, तीसरा पूछा तो ऐसे हो गई.

भाऊजींच्या लक्षात आलं. ते तिच्या बेंचपाशी उकिडवे बसले आणि टीचरना म्हणाले, "मैडम, पहले किसी और बच्चे से पूछ लीजिए."

टीचरनी शेजारच्या मुलीला विचारलं, तिने उत्तर दिलं. तन्वी लगेच डोळे उघडून ताठ बसली आणि हात वर केला.

टीचर हसल्या. मी तिथेच, त्या एवढ्याशा बेंचवर बसून रडले. परत आमच्या दारात उतरल्यावर भाऊजी म्हणाले, वहिनी, मॅडम रविवारी आपल्याकडे येताहेत. ओटल्यावरचे लोक कसे खेळतात ते स्वतः बघणार आणि मग ठरवणार. पुण्याला मला सोमवारी सांगायचंय.

त्यांच्या एका पायात अजून घरातलीच चप्पल होती.

* * *

रविवार आला. मी दुपारपासून ओटला दोनदा धुतला. आईंनी चकल्या काढल्या. बापू इस्त्रीचा शर्ट घालून आले. राजू भियांनी दुकान भावाच्या ताब्यात दिलं, जे त्यांनी स्वतःच्या साखरपुड्यालाही दिलं नव्हतं.

मॅडम साध्या होत्या हो. मला वाटलं होतं कडक असतील. तन्वीला जवळ घेतलं, चकलीला नावाजलं. मग बापू आणि राजू भिया यांचा डाव बघितला, हसल्या, सगळं ऐकून घेतलं. पण त्यांची नजर सारखी आप्पांकडे जात होती. शेवटी त्यांनी भाऊजींना विचारलं, ये तो शौकीन हैं, जो असली खिलाड़ी हैं, वो कौन?

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. भाऊजींनी टॅबलेट पुढे केला. आजवर मी त्यांना कुणाकडे असं काही मागताना बघितलेलं नाही.

आप्पांनी टॅबलेट हातानेच बाजूला सारला. मॅडमना अगदी आदराने म्हणाले, तुम्ही पाहुण्या आहात, बसा, तुम्हाला खरं बुद्धिबळ दाखवतो. आणि लाकडी पट पुढे ओढला. बापूंनी नाइलाजाने सोंगट्या मांडायला घेतल्या.

मॅडम थोडा वेळ बसल्या. मग उठून दारापाशी आल्या, जिथे मी तन्वीला कडेवर घेऊन उभी होते, आणि भाऊजींना हळू आवाजात म्हणाल्या, "अनिकेत, देख लिया ना? कल से हटा देते हैं." भाऊजींनी मान हलवली. तन्वीने त्यांच्याकडे झेप घेतली, त्यांनी तिला घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. आई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. मी मॅडमना म्हटलं, चहा तरी घेऊन जा. म्हणून त्या कप घेऊन परत ओटल्यावर टेकल्या.

पटावर तोवर आप्पांच्या वजिराची वाट मोकळी झाली होती. आप्पांनी तो तिरका नेला आणि बापूंचा उंट उचलला. बापूंनी कुठलं तरी प्यादं पुढे केलं. आप्पांनी वजीर परत चालवला आणि बापूंच्या राजाच्या अगदी उंबरठ्याशी नेऊन उभा केला. बापू फसले. त्यांनी घोडा हलवला, पण आता काही उपयोग नव्हता. वजीर एक घर पुढे सरकला की मात. माझ्यासारख्या खिडकीतून शिकलेलीलाही दिसत होतं, राजू भियांना तर दिसतच होतं, ते चहा सांडत उभेच राहिले.

आप्पांचा हात वजिराकडे गेला. वजिराच्या डोक्यावर येऊन थांबला. तिथून मागे आला आणि त्याने कोपऱ्यातलं एक प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं.

राजू भियांनाच राहवलं नाही.

"आप्पाजी, सामने मात पड़ी है! वजीर क्यों नहीं चले?"

आप्पांनी पटावरून मान वर केली नाही. इतकं साधं कसं कळत नाही, अशा वैतागाने म्हणाले, "कसा चालेल? झोपलाय तो."